अरबाबच्या आईची विणकामाची खोली

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या ज्या कंपनीत मी होतो तिथे माझं काम एकच होतं, एसीच्या डक्टना ग्लासवूल गुंडाळणं. डक्ट म्हणजे थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे. त्यांच्यावर काचेच्या बारीक तंतूंची पिवळी गादी चिकटवायची, वरून चंदेरी फॉइल, सांध्यांवर चंदेरी टेप. सहा वर्षं मी एवढंच केलं होतं. राजापूरजवळच्या माझ्या गावी पत्रात 'इन्सुलेशन' लिहिलं तर वडिलांना काही बोध होईना, म्हणून मी 'गारवा कोंडून ठेवायचं काम' असं लिहायचो.

त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या एका जानेवारीत अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, ऑफिसात बोलावून सांगितलं, "मेरा माँ का वास्ते गरम रूम बनाओ," तेव्हा मी नुसता बघत राहिलो. त्या देशात कोणी गरम खोली मागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अरबाबचं हिंदी आपल्या लोकांत राहून झालेलं, कामापुरतं. त्याने सांगितलं ते असं. त्याची आई रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी राहते, अबुधाबीला यायला तयार नाही. ती मूळची वाळवंटातल्या घरातली. लहानपणापासून लोकरीच्या पट्ट्या विणते. घरामागे खजुराच्या झावळ्यांची एक शेड होती, तिथे बसून विणायची. मागच्या आठवड्यात वारा आणि पाऊस एकदम आला आणि शेड आडवी झाली. तशीही थंडीत तिची बोटं आखडतात. तेव्हा आता ब्लॉकची पक्की खोली बांधायची, बारा फूट बाय बारा, उंची आठ, एक दार, एक लहान खिडकी, खाली सिमेंटची फरशी. आतून पूर्ण इन्सुलेशन.

"डक्ट के जैसा पॅक करो," तो म्हणाला. "हवा नहीं आना."

"अरबाब, फॉइल अंदर या बाहर?" मी विचारलं.

हा प्रश्न वेडगळ नव्हता. डक्टमध्ये गारवा आत असतो आणि उकाडा बाहेर, म्हणून फॉइल बाहेरून लावतात. इथे हिवाळ्यात ऊब आत ठेवायची आणि उन्हाळ्यात तीच खोली गार ठेवायची. फॉइलने तोंड कुठे करायचं?

"ये तुम को मालूम होना चाहिए," अरबाब म्हणाला.

मला मालूम नव्हतं. पण सहा वर्षं काम केलेल्या माणसाने तसं म्हणायचं नसतं, म्हणून मी मान हलवली.

माझ्याबरोबर एक गवंडी दिला, उमरग्याकडचा. मी त्याला मिस्त्री म्हणायचो, तो मला भाऊ. दोघांनाही अरबी यथातथाच, यल्ला आणि खलासच्या पलीकडे पंधरा-वीस शब्द. पिकअपमध्ये सामान भरून निघताना अरबाबने खिडकीतून सांगितलं, "उस को मामा बोलना. सब लोग मामा बोलता है."

"मामा?" मिस्त्री वाटेत म्हणाला. "बाईमाणसाला मामा म्हणायचं?"

"म्हणायचं म्हणजे म्हणायचं," मी म्हटलं. पण मलाही ते जड जाणार होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि तरीही तोंडातून वाफ निघत होती. मी समुद्रकाठचा माणूस. थंडी म्हणजे पौषात पहाटे अंगावर चादर ओढायची, एवढीच माझी ओळख. इथे डोंगरावरून येणारा वारा सरळ हाडात शिरत होता. कंपनीने दिलेले स्वेटर बोहारणीला द्यायच्या लायकीचे, विरविरीत. पाच-सात घरं, मधे शेळ्या, थोडी झाडं, मागे उघडाबोडका तांबूस डोंगर. आणि घरामागे ती पडलेली शेड.

मी तिच्याकडे बघत राहिलो, कारण ती मला ओळखीची वाटली. आमच्याकडे माडाच्या झावळ्या विणून झाप करतात, तशाच या खजुराच्या, दोरीने एकमेकींना बांधलेल्या. तीन बाजू बंद, पूर्वेची उघडी. दोन दिवसांत मी ती परत उभी केली असती. तिथे ब्लॉकची खोली कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही. पण मला त्यासाठी पाठवलं नव्हतं.

म्हातारी काठी टेकत आली. ठेंगणी, अंगावर काळा अबाया, आणि चेहऱ्यावर त्यांच्यातल्या जुन्या बायका लावतात तसा सोनेरी-निळसर चकाकणारा कडक कापडाचा मुखवटा. भुवया, नाक, ओठ सगळं त्याखाली. दिसायचे ते फक्त डोळे. ती हसते आहे की रागावली आहे, हे मला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

"सलाम आलेकुम, मामा," मी म्हटलं.

तिने बरंच काही सांगितलं. आम्ही दोघांनी "ठीक है, मामा, इन्शाल्ला" म्हटलं आणि कामाला लागलो.

ब्लॉकचं काम मिस्त्रीचं, माझं काम नंतर. मी त्याच्या हाताखाली माल कालवून द्यायचो. थंडीने सिमेंट लवकर धरेना. मिस्त्री बोटाने दाबून बघायचा आणि चिडायचा. "अजून ओलंच हाय की बा. हितं सिमेंटलाबी हुडहुडी भरती का काय?" दोन दिवसांत भिंती खांद्याएवढ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आली, आत उभी राहिली, काठीने या भिंतीकडून त्या भिंतीकडे दाखवलं आणि म्हणाली, "तवील. तवील."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तवील म्हंजे?" मिस्त्रीने विचारलं.

मला तो शब्द माहीत होता आणि त्याचा मला अभिमानच वाटला. आमच्या कॅम्पमध्ये एक सहा फुटी पठाण होता, त्याला सगळे अरब तवील म्हणायचे. "तवील म्हणजे उंच," मी म्हटलं. "तिला खोली उंच पाहिजे."

"आठ फूट सांगितलंय."

"आईला पाहिजे म्हटल्यावर अरबाब नाही कशाला म्हणेल? नऊ कर."

नऊ फूट झाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, वर बघितलं, मग काठी जमिनीवर दोनदा आपटली. "तवील!"

"अजून?" मिस्त्री म्हणाला.

आम्ही पिंपांवर फळ्या टाकून त्यावर चढलो आणि आणखी दोन थर दिले. साडेदहा फुटांपर्यंत गेलो. खोली आता विटांच्या भट्टीच्या चिमणीसारखी दिसायला लागली होती. म्हातारी दुपारी आली, तिने मान मागे टाकून त्या उंचीकडे बघितलं, काहीतरी हळू आवाजात म्हटलं आणि निघून गेली. त्यानंतर ती तवील म्हणाली नाही. मला वाटलं, समाधान झालं.

वर पत्रे घातले, खाली फरशी ओतली, दार बसवलं, आणि मग माझं काम सुरू झालं. मी भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या. त्यांच्यामध्ये ग्लासवूल, वरून प्लायवूड, असा बेत. फॉइलचा प्रश्न डोक्यात होताच. मी एक भिंत फॉइल आत करून लावली, एक बाहेर करून, आणि मधे उभा राहून हात लावून कुठे ऊब जास्त वाटते ते बघायचा प्रयत्न केला. दोन्ही सारख्याच गार. शेवटी दोन्ही तशाच ठेवल्या.

ग्लासवूलचा रोल उघडला तेव्हा म्हातारी दारात उभी होती.

"शू हादा?" तिने विचारलं. म्हणजे, हे काय?

हेही मला येत होतं. साइटवरचे अरब फोरमन ग्लासवूलला सूफ म्हणायचे. "सूफ, मामा," मी ऐटीत सांगितलं.

"सूफ?" तिचे डोळे मोठे झाले. तिने त्या पिवळ्याधमक रोलकडे, मग माझ्याकडे बघितलं. "वायद झेन, वायद झेन." फार छान, फार छान. तिला इतकं आवडलेलं बघून मला बरं वाटलं. तिथे आल्यापासून माझं पहिलंच वाक्य नीट पोचलं होतं.

दुपारी जेवून आलो तर रोलचा कोपऱ्यातला हातभर तुकडा नव्हता. मी मिस्त्रीला विचारलं, त्याने खांदे उडवले. बाहेर येऊन बघतो तर घराच्या पायरीवर उन्हात म्हातारी बसलेली, डाव्या हातात तो ग्लासवूलचा पुंजका, उजव्या हातात लाकडी चाती. ती त्याचं सूत कातायचा प्रयत्न करत होती. तंतू तुटत होते, हवेत उडत होते, आणि ती पुन्हापुन्हा बोटांनी पीळ देत होती.

मी ओरडलोच. "ला, मामा! ला!" नाही, नाही.

तिने चाती थांबवली. तळहात उलटे करून बघितले. लालभडक. मग ती एक हात दुसऱ्यावर चोळायला लागली, आणि ते तर सगळ्यात वाईट, कारण चोळलं की काचेचे तंतू आणखी आत जातात. पहिल्या आठवड्यात आम्हा सगळ्यांचं हे झालेलं असतं. चोळायचं नाही, कोमट पाणी नाही, आधी टेप लावून तंतू उपटायचे, मग गार पाण्याखाली हात धरायचे. पण हे अरबीत कसं सांगायचं? आणि अरबाबच्या आईचा हात मी धरायचा कसा? क्षणभर मी तसाच उभा राहिलो, एक हात पुढे केलेला, तो मागे घेऊ की काय करू अशा अवस्थेत.

मग खिशातला टेपचा रोल काढला, एक पट्टी फाडून माझ्याच तळहातावर दाबली आणि झटक्यात ओढली. दुसरी पट्टी फाडून तिच्यासमोर पायरीवर ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा माझ्या हातावर करून दाखवलं. तिने पट्टी उचलली, दाबली, ओढली. चिकट बाजूला सोनेरी कुसळं लागलेली दिसली. तिने ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मी पट्ट्या फाडून ठेवत गेलो, ती लावत गेली. मिस्त्रीने थंड पाण्याची बादली आणली, तिने हात बुडवून ठेवले.   हे अरबाबला कळलं तर माझं काय होईल, यापेक्षा मी तिला सूफ म्हणून सांगितलं होतं हे मला जास्त खात होतं.

बादलीतून हात काढून तिने त्या पिवळ्या पुंजक्याला काठीने ढकललं. "हादा मुब सूफ!"

मुब म्हणजे नाही, हे मला त्या दिवशी समजलं. हे सूफ नव्हे. ती आत गेली आणि खरी लोकर घेऊन आली, मळकट पांढरी, आणि माझ्या समोर धरली. "हादा सूफ." मी हात लावला. तेलकट, उबदार, तिला मेंढीचा वास. "सूफ," मी म्हटलं. "सूफ," ती म्हणाली. एवढ्या साध्या शब्दाची उजळणी आम्ही तीन-चार वेळा केली. म्हणजे सूफ म्हणजे लोकर. ग्लासवूल म्हणजे तरी दुसरं काय, काचेची लोकरच! इंग्रजीत मी सहा वर्षं तोच शब्द म्हणत होतो आणि त्याचा अर्थ कधी मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन जुन्या जाड घोंगड्या घेऊन आली. तिनेच विणलेल्या असाव्यात, लाल-काळ्या नक्षीच्या, कडेला थोड्या विरलेल्या. त्या तिने माझ्या आणि मिस्त्रीच्या समोर टाकल्या आणि म्हणाली, "सूफ." मग भिंतीकडे नव्हे, आमच्याकडे बोट केलं. हे मी आता लिहितो आहे. त्या वेळी मला ते बोट भिंतीकडेच वाटलं, कारण आम्ही भिंतीला टेकून उभे होतो.

"तिला काचेचं नको झालंय," मिस्त्री म्हणाला. "हे भिंतीत घाल म्हणतीया."

मला ते पटलं. आदल्या दिवशी जे झालं त्यानंतर तिला घरात ग्लासवूल नको असणं साहजिकच होतं. उत्तरेची भिंत अजून उघडी होती, वारा तिकडूनच येत होता. मी त्या दोन्ही घोंगड्या ताणून पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकल्या. ठोकताना वाईट वाटत होतं, इतकं सुंदर विणलेलं प्लायवूडखाली झाकायचं म्हणून, तर मी ती भिंत तशीच ठेवली, प्लाय लावलंच नाही. म्हातारी बघून गेली.  संध्याकाळी तिच्याकडून आम्हाला नेहमीपेक्षा जास्त गरम चहा आला, आल्याचा, आणि तिने मिस्त्रीच्या स्वेटरची बाही काठीने उचलून काहीतरी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "इन्शाल्ला, मामा."

खोली पूर्ण झाली गुरुवारी. दार लावलं की वाऱ्याचा आवाज थांबायचा. आत उभं राहिलं तर खरंच ऊब होती. मी खूश होतो. म्हातारी आपलं सामान घेऊन आली: चार लाकडी खुंट्या, दोन दांडे, लोकरीचे गुंडे, आणि एक हरणाचं शिंग, ज्याने धागे ठोकून बसवतात. तिने एक खुंटी फरशीवर टेकवली आणि दगडाने ठोकली. खुंटी उडाली. तिने पुन्हा ठोकली. सिमेंटच ते, खुंटी कशी जाणार? मग तिने दोरी घेतली, एक टोक मिस्त्रीच्या हातात देऊन त्याला समोरच्या भिंतीशी उभं केलं, आणि दुसरं टोक घेऊन चालत चालत दारातून बाहेर गेली. आणखी तीन-चार पावलं गेली, तिथे थांबली. दोरी तिथे संपली.

तिचा माग जमिनीवर आडवा पसरायचा असतो, अठरा फूट. खोली बारा फूट.

"तवील," ती बाहेरून म्हणाली.

तवील म्हणजे उंचही आणि लांबही. मिस्त्री दोरी धरून उभाच राहिला. त्याने वर साडेदहा फुटांवरच्या पत्र्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.   सहा वर्षांत कंपनीत माझं एक काम परत आलं नव्हतं.

शुक्रवारी सुट्टीचा दिवस, अरबाब गाडी घेऊन आला. आई त्याच्याशी बराच वेळ बोलली. बोलताना ती छताकडे, फरशीकडे, बादलीकडे आणि शेवटी आमच्याकडे हात करत होती. अरबाब ऐकत होता. मधेच त्याने कपाळाला हात लावला, मधेच खाली बघून हसला, मधेच त्याचा आवाज चढला. मी अंदाज करत होतो आणि प्रत्येक वेळी अंदाज बदलत होता.

मग तो आमच्याकडे आला. "मैं बोला बंद रूम," तो म्हणाला. "माँ बोलता है खुला. धूप चाहिए, मिट्टी चाहिए. मेरे को ये बात मालूम नहीं था." हे त्याला माहीत नव्हतं, याचंच मला जास्त नवल वाटलं. तिच्या मांडीवर वाढलेला माणूस. "पूरब का दीवार तोड़ो. छह फुट आगे लो. नीचे मिट्टी रखो. आगे परदा."

"जी, अरबाब."

"और वो कंबल," त्याने उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलं, "वो माँ ने तुम दोनों को दिया था. ओढ़ने का वास्ते. बोली, लड़के लोग ठंडी में कांपता है. तुम ने दीवार को पहनाया?"

मी खाली बघितलं. मिस्त्रीनेही. ती स्वेटरची बाही, ते "इन्शाल्ला, मामा", सगळं एकदम समोर आलं. मी घाईघाईने हातोडी घेऊन खिळे उपटायला गेलो तर म्हातारीने काठी आडवी धरली. "खल्ली," ती म्हणाली. राहू दे. मी अरबाबकडे बघितलं. त्याने हाताने खूण केली, राहू दे. आता ती दुखावली होती की तिला ते आवडलं होतं, कोण जाणे. अरबाबला विचारायचं धैर्य झालं नाही.

पुढच्या चार दिवसांत पूर्वेची भिंत पाडली. दोन्ही बाजूंच्या भिंती सहा फूट पुढे नेल्या, या वेळी दोरीने मोजून, दोरीचं दुसरं टोक म्हातारीच्या हातात देऊन. पुढची जमीन मातीची ठेवली. पडलेल्या शेडच्या झावळ्या तशाच पडून होत्या. त्यातल्या चांगल्या निवडून मी पुढच्या भागावर छप्पर घातलं, आमच्याकडचा झाप बांधतात तशा गाठींनी. ही एकच गोष्ट अशी होती की जी करताना मला काही शंका नव्हती. म्हातारी खुर्ची टाकून बघत बसली होती. एका गाठीपाशी तिने उठून माझ्या हातातली दोरी काढून घेतली, तिच्या पद्धतीने गाठ मारली आणि ओढून दाखवली. तिची जास्त घट्ट होती.

निघायच्या दिवशी सकाळी खुंट्या मातीत बसल्या. अठरा फुटांचा माग उन्हात पसरला. तिने पहिला धागा शिंगाने ठोकला, तो टक्क आवाज मला ऐकू आला, आणि मिस्त्रीने पिकअपचा हॉर्न वाजवला.

मे महिन्यात अरबाब मला पुन्हा तिकडे घेऊन गेला, खोलीत खिडकीचा एसी बसवायला. चाळीसच्या वर उकाडा. आम्ही पाडलेल्या पूर्वेच्या भिंतीच्या जागी कोणीतरी पुन्हा भिंत घालून दार बसवलं होतं. आत गेलो तर खोलीत पलंग. उशा, पाण्याचा माठ, औषधांच्या बाटल्या. माग तिथे नव्हता. तो बाहेर, भिंतीच्या सावलीत, उघड्या मातीवर पसरलेला होता. मी अरबाबला विचारलं, "मामा इधर काम नहीं करता?"

"इधर सोता है," तो म्हणाला. "काम बाहर."  मी ज्या कामासाठी खोली बांधली ते काम तिथे होत नव्हतं, आणि जे होत होतं त्याबद्दल कोणी तक्रार करत नव्हतं.

मी एसी बसवला. सांध्यात ग्लासवूलचे तुकडे कोंबले आणि त्यावर लगेच टेप मारला, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. बटण फिरवलं, गार हवा सुरू झाली. म्हातारी आत येऊन पलंगावर बसली. तिने हात हवेसमोर धरला, बोटं उघडली, मिटली. मग अबाया सावरून उठली आणि बाहेर मागाकडे गेली. अरबाब तिच्या मागोमाग गेला. दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं.

एसी बंद करू की चालू ठेवू, ते मला कोणी सांगितलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. शेवटी चालूच ठेवला, दार ओढून घेतलं आणि गाडीत जाऊन बसलो.